बोडकी नाळ

माझ्या मामाच्या मचव्याच्या नाळेवर कमळ होतं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं, पाणी कापत जाणारं टोक. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी माझं आजोळ, त्यामुळे हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पावसाळाभर मचवा किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेला असायचा. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली की मामा झापं काढायचा, फटी बुजवायचा, लाकडाला तेल चोळायचा. सगळं संपल्यावर, अगदी शेवटच्या दिवशी, गेल्या वर्षीच्या उरलेल्या रंगांचे डबे घेऊन तो नाळेसमोर उकिडवा बसायचा आणि कमळ रंगवायचा. एखाद्या वर्षी ते लाल व्हायचं, एखाद्या वर्षी निळं; डब्यात जो रंग उरला असेल तो. पाकळ्या डाव्या बाजूला नेहमी मोठ्या व्हायच्या. घरात एवढी कामं पडलेली असताना याला इतका वेळ कशाला, असं मामीने एकदा विचारलं. मामाने हातातला ब्रश न थांबवता सांगितलं, "बोडकी नाळ घेवन दर्यात जाव नये."

तेवढंच. पुढे खुलासा नाही. बोडकं म्हणजे आमच्याकडे उघडं डोकं, रिकामं कपाळ. माणसाबद्दल वापरायचा हा शब्द मामा होडीबद्दल सहज बोलून गेला होता.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी ते वाक्य मला स्टॉकहोममध्ये आठवलं. मामाचा नातू, म्हणजे माझा भाचा, तिकडे नोकरी करतो. त्याने मला युरगोर्डन बेटावरच्या वासा संग्रहालयात नेलं. बाहेर लख्ख ऊन आणि आत जवळजवळ काळोख; लाकूड आणि रंग जपण्यासाठी उजेड कमीच ठेवलेला असतो. पहिल्यांदा समोर नुसती काळी भिंत आहे असं वाटतं. डोळे सरावले की त्या भिंतीतून चेहरे वर येऊ लागतात. एक दाढीवाला, मग एक सिंह, मग शेपटीला खवले असलेली एक बाई, मग माणसांची रांगच. १६२८ सालचं, ६९ मीटर लांबीचं अख्खं जहाज समोर उभं असतं, आणि त्याच्या अंगावर मूर्ती आणि नक्षीकाम मिळून सुमारे सातशे कोरीव तुकडे असतात. मी पुढे जायचं सोडून एका कठड्याला टेकून उभी राहिले. भाचा म्हणाला, "आत्या, वर अजून मजले आहेत." मी त्याला म्हटलं, तू हो पुढे.

वासा हे स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव्ह अडॉल्फ याने युद्धनौकेच्या रूपात बांधवून घेतलेलं मोठं स्वप्न. पोलंडशी त्याचं युद्ध चाललेलं होतं. पोलंडचा राजा सिगिस्मुंड हा त्याचा चुलतभाऊ, आणि स्वीडनच्या गादीवर त्याचाही दावा. म्हणजे भाऊबंदकीच ती. या जहाजावरचं कोरीवकाम या भांडणाची पार्श्वभूमी ठेवून पाहिलं तर वाचता येतं. पिछाडीच्या उंच भिंतीवर सगळ्यात वर स्वतः गुस्ताव्ह, पोरवयातला, आणि दोन्ही बाजूंनी गरुडमुखी ग्रिफिन त्याच्या डोक्यावर मुकुट धरून आहेत. त्याखाली सिंहांनी तोललेलं राजचिन्ह. त्याखाली बायबलमधल्या गिदोनचे सैनिक. मूठभर माणसं घेऊन मोठ्या सेनेला पळवून लावणारा हा गिदोन. शिवाय हर्क्युलिस. नाळेकडे जावं तर दोन्ही बाजूंना दहा-दहा असे वीस रोमन सम्राट, टायबेरियसपासून सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत. पहिला सम्राट ऑगस्टस त्यांत नाही. त्याची जागा गुस्ताव्हने घ्यायची आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. आणि या सगळ्यांच्या पुढे, नाळेच्या अगदी टोकाशी, तीन मीटर लांबीचा सिंह झेप घेतोय.

नाळेजवळच एका बाकाखाली दडपलेला, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस दिसतो. तो पोलिश सरदार. तसाच एक दुसऱ्या बाजूलाही आहे. शत्रूला बाकाखाली कोंबून बसवायचं आणि वरून आपण बसायचं, हे राजाने सांगितलेलं असेल किंवा त्याच्या दरबारातल्या कोणी सुचवलेलं असेल. मला मात्र कोरणाऱ्याचा विचार सोडवेना. अपमान करायचा म्हणून जो कोरला, त्याच्या मिशीची वळणं आणि अंगरख्याच्या चुण्या इतक्या मन लावून का काढल्या असतील? या मूर्तिकारांतला प्रमुख मोर्टेन रेड्टमर हा मूळचा जर्मनीकडचा. त्याच्याबरोबर हान्स क्लाउसिंक आणि आणखी काही जण होते. कोणता चेहरा कोणाच्या हातचा, हे अभ्यासकांनी छिन्नीच्या सवयींवरून वेगळं काढायचा प्रयत्न केलाय. परदेशातून पोटासाठी आलेल्या या माणसांना सिगिस्मुंडचा राग असायचं काही कारण नव्हतं. त्यांना ओक, पाइन आणि लिंडेनचे ओंडके मिळाले आणि त्यांतून त्यांनी माणसं काढली.

तोफांच्या झरोक्यांची झाकणं तर मी विसरूच शकत नाही. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला सिंहाचं तोंड कोरलेलं आहे. झाकण बंद असेल तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. लढाईला किंवा सलामीला झरोके उघडले, झाकणं वर उचलली गेली, की जहाजाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जबडे वासलेल्या सिंहांच्या ओळी उभ्या राहायच्या.

१० ऑगस्ट १६२८ च्या दुपारी ती झाकणं उघडलेली होती. जहाज पहिल्यांदाच निघालेलं, सलामीच्या तोफा उडवायच्या होत्या, किनाऱ्यावर शहर लोटलेलं. खलाशांच्या बायकामुलांनाही थोड्या अंतरापर्यंत बरोबर यायची मुभा होती. वारा फार नव्हता. एक झोत आला, जहाज कललं आणि सावरलं. दुसऱ्या झोताला ते इतकं कललं की खालच्या रांगेतले झरोके पाण्याला टेकले, आणि उघड्या सिंहांच्या शेजारून समुद्र आत शिरला. जेमतेम तेराशे मीटर अंतर कापून वासा ३२ मीटर खोल पाण्यात उभ्याउभ्या बसलं. तीसेक माणसं गेली.

एवढं नटवलं म्हणून बुडालं, असं पुष्कळ जण बोलतात. त्या दिवशी माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनीही तेच आपल्या मुलाला समजावलं. हा आरोप माझ्या मनाला लागला, कारण तो खरा नाही. नाळेवरचा एवढा थोरला सिंह साडेचारशे किलोच्या घरातला. या जहाजावरच्या एका मोठ्या तोफेचं वजन एक टनाहून जास्त, आणि तोफा चौसष्ट. मुळात जहाजाचा पाण्याखालचा भाग बेताचा आणि वरचे मजले भारी लाकडाचे बांधलेले, त्यामुळे भार सगळा वर. बांधणारा डच कारागीर हेन्रिक हायबर्टसन जहाज पुरं व्हायच्या आधी, १६२७ मध्येच वारला होता. निघण्यापूर्वी धक्क्यावर एक परीक्षा झाली. तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळायला लावलं. तिसऱ्या फेरीला जहाज असं डुलायला लागलं की नौसेनापतीने पळणं थांबवलं. पण जहाज थांबवलं नाही, कारण राजाची घाई होती. पुढे चौकशी बसली. दोष कोणाचा, या प्रश्नाला देवालाच ठाऊक अशा अर्थाचं उत्तर मिळालं आणि कोणालाच शिक्षा झाली नाही. माझ्या मते अशा वेळी सगळ्यात सोपा आरोपी अलंकारच असतो. तो दिसतो, आणि त्याला बोलता येत नाही.

छत्तीस वर्षांनी, १६६४ मध्ये, अल्ब्रेश्ट फॉन ट्राइलेबन नावाचा माणूस पाण्याखाली उतरायची घंटा घेऊन आला. शिशाची घंटा, तिच्यात अडकलेल्या हवेवर पाणबुड्या तग धरायचा, पायाखाली एक फळी, हातात आकडा, भोवती गोठवणारं पाणी आणि मिट्ट अंधार. अशा तऱ्हेने त्यांनी पन्नासहून जास्त तोफा वर काढल्या. त्या काळात हे कसं जमलं असेल, याचं आश्चर्य वाटतं. तोफा काशाच्या, किमतीच्या. त्या काढायला त्यांनी वरची लाकडं उपटून बाजूला टाकली. मूर्ती तशाच राहिल्या. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. त्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. खिळे हळूहळू गंजून नाहीसे झाले आणि सम्राट, सिंह, जलकन्या एकेक करून निखळत तळच्या चिखलात पडत गेल्या. त्या चिखलानेच त्यांना सांभाळलं. तोफा कधीच्या विकल्या गेल्या. ज्यांना कोणी हात लावला नाही त्या लाकडाच्या माणसांसाठी आज जग तिथे रांग लावतं.

१९५६ मध्ये अँडर्स फ्रान्सेन नावाच्या माणसाने होडीतून दोरीला बांधलेलं एक पोकळ टोकाचं वजन खाली सोडलं, आणि ते वर आलं तेव्हा त्यात काळ्या ओकचा एक तुकडा होता. पाणबुडे पेर एडविन फेल्टिंग खाली उतरले. दिसत काहीच नव्हतं. त्यांनी चाचपडून झरोके मोजले, एक रांग, वर दुसरी रांग. २४ एप्रिल १९६१ ला वासा पाण्याबाहेर आलं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारत होते. मूर्ती शोधायला पाणबुडे नंतरही कित्येक वर्षं चिखलात उतरत राहिले.

संग्रहालयाच्या एका बाजूला काही मूर्तींच्या नव्या प्रतिकृती रंगवून ठेवल्यात. सुरुवातीची बरीच वर्षं असं मानत होते, की मूर्ती सोनेरी होत्या आणि मागे निळी भिंत. मग खाचांमधून उरलेले रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा वेगळंच निघालं: मागे लाल, आणि त्यावर गुलाबी गाल, हिरवे, पिवळे, निळे कपडे, जागोजागी सोनं. बऱ्याच लोकांना ही भडक रूपं आवडत नाहीत. त्यांना ते काळं, गंभीर लाकूडच बरं वाटतं. मला रंगीत मूर्ती पाहून आनंद झाला. आमच्या दशावतारातला राजा गॅसबत्तीच्या उजेडात येतो तसेच हे: कपाळावर रेघा, गालांवर लाली, अंगावर चमकी. दूरच्या माणसालाही ओळखू यावा म्हणून तो तसा रंगतो. जहाजही दुरूनच बघायचं असतं.

वासा टिकलं ते बाल्टिक समुद्रामुळे. त्याच्या पाण्यात मीठ कमी, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. आमच्या समुद्रात तो भरपूर जगतो. मामाच्या मचव्याला वर्षाकाठी बाहेर काढून तेल चोळायचं कारण तेच. आमच्या गावाजवळ गिर्ये इथे आंग्र्यांच्या काळची खडकातली गोदी आहे. लहानपणी आम्ही तिथे खेकडे पकडायला जायचो. त्या गोदीत दुरुस्त झालेलं एकही गुराब, एकही गलबत आज नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात आग लागली आणि एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर पसरत सगळं आरमार जळालं. जे आगीतून वाचतं ते उन्हात, पाण्यात, किड्यात जातं. म्हणून आमच्या जहाजांचे नटवे चेहरे पाहायचे तर लाकूड सोडून दगडाकडे जावं लागतं.

बोरिवलीला एकसरचे वीरगळ आहेत, शिलाहारांच्या काळातले. चहूबाजूंनी इमारती वाढल्यात. त्यांच्या मधोमध हे उभे दगड. त्यांवर समुद्रातली लढाई आहे: वर उचललेल्या उंच नाळेची जहाजं, बाजूंना वल्ह्यांच्या रांगा, आणि वरच्या पट्टीत मेलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. स्टॉकहोमला लाकडाच्या जहाजावर माणसं कोरलीत, इथे दगडाच्या माणसासाठी जहाजं कोरलीत. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तर रंगातलं जहाज आहे: तीन शिडं, डेकवर रांजण, आणि नाळेवर डोळा. वाट बघत जाणारी नाळ. ते चित्र समोर ठेवून गोव्यात काथ्याने शिवलेलं एक शिडाचं जहाज बांधलं गेलं. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी फळ्या एकमेकींना शिवल्या, खिळ्यांनी जोडल्या नाहीत. २१ मे २०२५ ला कारवारला नौदलाने ते कौंडिण्य या नावाने आपलं म्हटलं. त्याच्या नाळेवर कोरलेला सिंहयाळी आहे, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. बातमी वाचली तेव्हा मला आधी तोच बघावासा वाटला. वाऱ्यावर चालणाऱ्या, प्रयोगासाठी बांधलेल्या जहाजाला याळीची गरज काय, असा हिशेब कोणी घातला नाही, याचा मला फार आनंद आहे.

हिशेब घालणारे पूर्वीही होते. कोरीवकामावर फार खर्च होतो म्हणून इंग्लंडच्या आरमाराने १७०३ मध्ये त्याला आळा घातला, आणि १७९६ मध्ये नाळेवरच्या मूर्ती बंदच कराव्यात असा हुकूम निघाला. तो पुरता कधीच पाळला गेला नाही. का, ते कळायला ब्रन्सविक या जहाजाची गोष्ट पुरे. १ जून १७९४ च्या लढाईत फ्रेंचांच्या माऱ्यात त्याच्या नाळेवरच्या ड्यूक ऑफ ब्रन्सविकच्या पुतळ्याची टोपी उडाली. खलाशी अस्वस्थ झाले आणि कप्तान जॉन हार्वेकडे गेले, की आमचा ड्यूक शत्रूसमोर उघड्या डोक्याने उभा आहे. कप्तानाने आपली टोपी काढून दिली, सुताराने ती पुतळ्याच्या डोक्यावर ठोकून बसवली आणि लढाई चालू राहिली. हार्वे त्या लढाईतल्या जखमांनी पुढे वारले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. बोडकं डोकं त्यांनाही चाललं नव्हतं.

त्या आरमारातली काही जहाजं आमच्या मुंबईत बांधलेली. वाडिया मंडळींनी मलबारच्या सागवानातून ती उभी केली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेलं त्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, आणि अजून तरंगतंय. त्याच्या नाळेवर पागोटं घातलेला, मिशीवाला माणूस आहे. मी तो छायाचित्रांतच पाहिलाय, पण त्याच्याकडे बघून गावचा कोणीतरी परदेशात भेटल्यासारखं होतं. वेलस्ली हे दुसरं, १८१५ चं. ज्याने १८०३ मध्ये जालन्याकडे असईला मराठ्यांचा पराभव केला, त्या आर्थर वेलस्लीच्या नावाचं जहाज मुंबईत, मुंबईच्याच कारागिरांच्या हातून तयार झालं आणि त्याच्या नाळेवर त्याचाच चेहरा होता. १९४० च्या सप्टेंबरात टेम्सवर जर्मन बॉम्बांनी ते बुडालं. त्याचं सागवान पुढे लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या डागडुजीला वापरलं आणि नाळेवरची मूर्ती चॅटमच्या जुन्या गोदीत गेली. असईचा विचार करताना मला त्या चेहऱ्याबद्दल प्रेम वाटत नाही. त्या सागवानाबद्दल आणि ते तासणाऱ्या हातांबद्दल वाटतं.

संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा भाचा मला शोधत खाली आला. मी परत त्या बाकाखालच्या सरदारासमोर उभी होते. त्याला मी त्याच्या आजोबांच्या कमळाबद्दल सांगितलं. त्याने आजोबांना पाहिलंय, मचवा पाहिला नाही. मामा गेला त्याच्या आधीच मचवा मोडला होता. आता आमच्याकडे सगळ्या फायबरच्या होड्या आहेत. पण नाळेची एक फळी गोठ्याच्या दारावर ठोकलेली आहे, असं मी म्हटलं. "तिचा फोटो पाठव," तो म्हणाला.

मे महिन्यात आजोळी गेले तेव्हा लक्षात ठेवून गोठ्याकडे गेले. गुरं आता नाहीत, आत नारळाची सोडणं भरलीत. फळी आहे. एका बाजूने कुजलीय, पण डावीकडच्या मोठ्या पाकळ्या ओळखू येतात. वरचा थर निळा, उन्हाने पापुद्रे सुटलेला. मी नखाने जरासा सोलला, तर खाली लाल निघाला. लालाच्या खाली हिरवा. सोलत गेले तर लाकडाला अगदी चिकटून, सगळ्यात खाली, पिवळा. लाल आणि निळं कमळ मला आठवतं, हिरवंही बहुतेक एका वर्षी होतं. पिवळं मात्र मी कधी पाहिलं नाही. ते माझ्या जन्माच्या आधीचं असणार.